पिग्मीची वही आणि शहराध्यक्षाची खुर्ची

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

कोल्हापूर शहरातून ४१ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलंय. नाव, वॉर्ड आणि पक्ष त्यांच्या विनंतीवरून गाळले आहेत. वडील शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हमाल होते. आईनं ताराबाई पार्कातल्या बंगल्यांत वर्षानुवर्षं धुणीभांडी केली. ताई बारावीनंतर एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंट, म्हणजे दारोदार फिरून रोजची छोटी बचत गोळा करणाऱ्या, झाल्या आणि ते काम करतच बी.कॉम. झाल्या. पुढं पक्षाचं काम सुरू केलं, एकदा नगरसेविकाही झाल्या. त्या काळात पिग्मीची लाइन, म्हणजे ठरलेल्या खातेदारांची रोजची फेरी, सोडावी लागली आणि मुदत संपल्यावर ती परत मिळायला आठ महिने गेले. नवरा शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो.

आता पक्षाला नवा शहराध्यक्ष नेमायचाय आणि ताईंचं नाव पुढं आलंय. दुसरं नाव आहे एका बिल्डरच्या मुलाचं. पक्षातले एक जुने कार्यकर्ते म्हणतात, "ताई, आईचा भांडी घासतानाचा फोटो बॅनरवर घ्या. रील करा. ह्याच्यागत दुसरं काय चालत न्हाई." तालमीतली पोरं म्हणतात, "गाडी घ्या, अंगावर चार दागिने घाला. वजन दिसाय पायजे." ज्या घरात आई काम करायची त्या घरातले एक नेते प्रत्येक सभेत "ही आमच्या घरातलीच पोरगी" असं सांगतात. मध्यंतरी कार्यकारिणीच्या बैठकीत चहाचा ट्रे आला, कुणीतरी म्हणालं, "ताई, तेवढे कप फिरवा," आणि ताईंनी ते फिरवले. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. आई म्हणते, "माझी भांडी चव्हाट्यावर मांडू नगंस." खर्चासाठी राहत्या घरावर कर्ज काढायचा विचार चाललाय. शहराध्यक्षपद जमलं नाही तर महिला आघाडीचं अध्यक्षपद देऊ, असाही निरोप आलाय.

त्यांचा प्रश्न: "माझं मूळ मला पुढं नेईल की मागं ओढेल? ते मिरवू की झाकू?"

ताई,

पत्र वाचताना मला पहिला प्रश्न पडला तो हा, की हा निर्णय घेणार कोण? तुम्ही पत्रभर 'लोक' म्हणता. लोकांना वजन लागतं, लोकांना गरिबाची लेक आवडते. पण शहराध्यक्ष लोक निवडत नाहीत. ते नाव जिल्ह्यातले मोजके नेते आणि मुंबईतलं प्रदेश कार्यालय मिळून ठरवतात. त्या खोलीत तुमच्या आईच्या धुणीभांड्यांचा विषय निघत नाही, ना तुमच्या बाजूनं, ना विरोधात. तिथं विचारतात ते असं: कार्यालयाचं भाडं कोण भरणार? मोर्चाला माणसं कोण आणणार? कुठल्या तालमी कुणाच्या शब्दावर हलतात? पेठांत कोण चालतं? जातीचं गणित कसं बसतं? आणि हा माणूस उद्या विधानसभेचं तिकीट मागून आपल्याच वाटेत तर येणार नाही ना?

म्हणजे मिरवू की झाकू, ही दोन्ही उत्तरं ज्यांच्यासाठी तुम्ही तयार करताय ते लोक अजून चित्रातच नाहीत. तुमचं मूळ आडवं येतं, हे खरंच आहे. पण ते 'हमालाची पोरगी' या शब्दांनी फारसं येत नाही. रिकामा खिसा, हाताशी नसलेला वेळ आणि वारशानं न मिळालेल्या ओळखी, अशा रूपानं ते समोर उभं राहतं. बॅनर लावून त्यातलं काहीच हटत नाही, आणि दागिने घालूनही नाही.

आपल्या जिल्ह्यात नेता घडतो कुठं? साखर कारखान्यात, दूध संघात, जिल्हा बँकेत, बाजार समितीत, शिक्षण संस्थेत. गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीत गावोगावच्या दूध संस्थांचे, त्यांच्या वतीनं मत कोण देणार याचे, ठराव गोळा करायची धावपळ ज्यानं पाहिलीय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ज्याच्या हाती संस्था त्याच्याकडं चार पोरांना नोकरीला लावायची सोय असते, गाड्या असतात, माणसं असतात. मुख्य म्हणजे पाच वर्षं पद नसलं तरी टिकून राहायची ताकद असते. हमालाच्या घरातून आलेला कार्यकर्ता एक निवडणूक हरला, की दुसऱ्या दिवशी त्याला रोजगार शोधावा लागतो. पिग्मीची लाइन परत मिळायला आठ महिने गेले, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. तुमच्या वाटेतली अडचण नेमकी कुठं आहे ते तिथं दिसतं.

गरीब घरातून वरपर्यंत जाता येत नाही, असं महाराष्ट्राचा इतिहास मुळीच सांगत नाही. यशवंतराव चव्हाणांचे वडील कोर्टात बेलीफ होते आणि ते लवकर गेले. आईनं कष्टानं वाढवलं. ते बी.ए. झाले ते १९३८ मध्ये आपल्या राजाराम कॉलेजातून, आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या कोर्टात शिपाई होते, मग फौजदार झाले, २००३ मध्ये मुख्यमंत्री. ठाण्यात रिक्षा चालवलेले एकनाथ शिंदे २०२२ मध्ये मुख्यमंत्री झाले. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या अंजनीच्या आर. आर. पाटलांनी, म्हणजे आबांनी, 'कमवा आणि शिका' योजनेत राबून शिक्षण घेतलं. पक्ष वेगळे, काळ वेगळा. पण प्रत्येकाच्या मागं काहीतरी होतं. यशवंतरावांच्या मागं स्वातंत्र्याची चळवळ होती, एकनाथ शिंद्यांच्या मागं शिवसेनेची शाखा. आबा आमदार झाले ते जिल्हा परिषदेत अकरा वर्षं काढून. पडल्यावर उचलणारं आणि रोज काम देणारं संघटन त्यांना मिळालं. नुसत्या गरिबीच्या गोष्टीवर त्यांच्यापैकी कुणीच वर गेलं नाही.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा फिरवून विचारते. माझ्यामागं काय आहे?

तुम्हाला वाटतं, काही नाही. मला वाटतं, तुमच्या हातात पिग्मीची वही आहे. सकाळी कपिलतीर्थ मार्केट, मग महाद्वार रोडवरचे हातगाडीवाले, दुपारी उद्यमनगरातली वर्कशॉप. कुणी वीस रुपये देतं, कुणी पन्नास, कुणी म्हणतं, "आज न्हाई ताई, उद्या डबल घ्या." इतकी वर्षं रोज लोकांच्या हातून रोख पैसे घेतलेत आणि एकाही घरात हिशेब चुकला म्हणून भांडण झालं नाही, हे तुम्हीच लिहिलंय. ज्या दुकानाची पिग्मी आठ दिवस आली नाही तिथं काहीतरी बिनसलंय, हे तुम्हाला सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा सुतारवाडा आणि दुधाळीतल्या कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, हे तुम्हाला पाठ होतं आणि तुम्ही बोटवाल्यांना घरं दाखवत फिरलात. पत्रात हे तुम्ही कंसात टाकलंय! बिल्डरच्या मुलाला शंभर बॅनर लावता येतील. ही माहिती आणि हा विश्वास त्याला विकत मिळणार नाही.

कष्टकरी घरातून येणं म्हणजे काय भोगलं याची यादी, असं आपण धरून चालतो. भोगलेलं असतंच, पण त्याबरोबर काम येतं, कामातली अक्कल येते, माणसं येतात. जिल्ह्याच्या बैठकीत जाताना हेच घेऊन जा. आपल्या वॉर्डांत किती बूथ, कुठल्या बूथवर आपली भरवशाची माणसं कोण, कुठं कोणीच नाही, नगरसेविका असताना कुठलं काम मंजूर करून घेतलं आणि कुठलं अडलं, हे सगळं दोन पानांत लिहून न्या. आईच्या फोटोपेक्षा ही दोन पानं त्या खोलीत जास्त बोलतील.

एक सावधगिरी मात्र पाळा. कुणाची किती बचत आहे, कुणाचं खातं थकलंय, ही माहिती पतसंस्थेची आणि त्या खातेदाराची आहे. प्रचारात ती एका शब्दानंही बाहेर पडता कामा नये. लोकांनी वहीवर विश्वास टाकलाय तो याच भरवशावर.

आता त्या 'आमच्या घरातली पोरगी'बद्दल. तुम्ही लिहिलंय, ते प्रेमानंच म्हणतात, पण दर वेळी मान खाली जाते. प्रेमानं म्हणत असतील, मला शंका घ्यायची नाही. पण त्या एका वाक्यानं सभेतल्या सगळ्यांना कळतं, की हिला आणलं कुणी आणि ही कुणाचं ऐकणार. आईनं त्या घरात काम केलं आणि घरानं पगार दिला. कधी अडीनडीला मदतही केली असेल, तिची जाणीव जरूर ठेवा. पण पगार हा उपकार नसतो, आणि उपकार असला तरी तो मुलीनं राजकारणात फेडायचा नसतो.

आपल्या कोल्हापूरला शाहू महाराजांचा सार्थ अभिमान आहे. दलित समाजातल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात महाराज स्वतः थांबून चहा घ्यायचे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मात्र त्या गोष्टीत आपलं लक्ष बहुतेक वेळा चहा पिणाऱ्या राजाकडं असतं. मार्च १९२० मधली माणगावची अस्पृश्य समाजाची परिषद मला जास्त महत्त्वाची वाटते. अध्यक्षपदी तरुण डॉ. आंबेडकर होते. तिथं महाराजांनी जमलेल्या लोकांचं अभिनंदन केलं ते त्यांनी आपल्यातूनच आपला पुढारी शोधून काढला म्हणून. तुमचा पुढारी मीच, असं ते म्हणू शकले असते. सत्ता त्यांच्याकडं होती. ते तसं म्हणाले नाहीत. मदत करणारा आणि पुढारी यांतला फरक त्यांना कळत होता. आपल्या शहरात वरच्यानं खालच्याला हात दिल्याच्या गोष्टी उदंड सांगितल्या जातात. खालचा माणूस खुर्चीवर बसला की मात्र त्याला कुणी आणून बसवलं याची चौकशी सुरू होते.

त्या नेत्यांना एकट्यात भेटा. सभेत उत्तर द्यायला जाऊ नका, त्यानं त्यांचा अपमान होईल आणि तुमचं काम अडेल. म्हणा, "साहेब, तुमच्या घरानं आईला वेळेला मदत केली, ती आम्ही विसरत नाही. पण स्टेजवर मला घरातली पोरगी म्हणू नका. पक्षातली कार्यकर्ती म्हणा, मला तेवढं पुरे." माणूस मनानं मोठा असेल तर ऐकेल. नाही ऐकलं, तर तुमची उमेदवारी ते कुठल्या हिशेबानं पुढं करताहेत ते तुम्हाला कळेल, आणि तेही कळलेलं बरं.

आईचा फोटो लावायचा नाही. यावर मला चर्चाच करावीशी वाटत नाही, कारण आईनं नाही म्हटलंय. आयुष्य तिचं आहे, कष्ट तिचे आहेत. ज्या घरांत तिनं काम केलं ती घरं, ती गल्ली, तिच्या बरोबरीच्या बायका, सगळे ते रील बघणार, आणि निवडणूक संपली तरी ते फोनवरून फिरतच राहणार. तिनं उभ्या आयुष्यात जे स्वाभिमानानं केलं ते मतांसाठी दया मागायला वापरलं जातंय, असं तिला वाटलं तर तिचं काय चुकलं?

पण झाकायचंही नाही. कुणी विचारलं तर एका वाक्यात सांगावं: "वडील मार्केट यार्डात हमाल, आई घरकाम करायची," आणि पुढच्या विषयाला लागावं. आवाज चढवायचा नाही, उतरवायचाही नाही. आणि एक जागा अशी आहे, जिथं हे आपण होऊन सांगावंच. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी राज्यात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. तुमच्या वॉर्डात घरकाम करणाऱ्या किती बायकांची मंडळाकडं नोंदणी झालीय? किती जणींना अशी नोंदणी असते हे तरी माहीत आहे? या विषयावर बोलायला उभ्या राहाल तेव्हा "हे मी घरात पाहिलंय" असं जरूर म्हणा. तिथं तुमचं मूळ साक्षीला उभं राहतं. बॅनरवर ते विकायला ठेवल्यासारखं होतं.

चहाच्या ट्रेनं तुमची झोप उडवली, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तुम्ही कप फिरवलेत ते सवयीनं, आणि त्यांनी सांगितलं तेही सवयीनं. ही सवय जगभर आहे. ब्रिटनचे जॉन प्रेस्कॉट तरुणपणी प्रवासी जहाजावर वेटरचं काम करायचे. ते संसदेत बोलायला उठले की समोरच्या बाकांवरचे काही खासदार त्यांना पेयांच्या ऑर्डरी द्यायचे. १९९७ पासून दहा वर्षं ते उपपंतप्रधान होते. त्या ऑर्डरींनी त्यांचं पद अडलं नाही, पण कुणाला कुठली जागा दाखवायची असते ते त्यातून समजतं. पुढच्या वेळी ट्रे आला, की तो उचलून टेबलाच्या मध्यावर ठेवा आणि म्हणा, "घ्या सगळ्यांनी." मग आपल्या जागेवर बसून विषयपत्रिकेतला पुढचा विषय काढा. रागावून बोलायची गरज नाही. चार बैठकांत ज्याचा त्याला कप उचलायची सवय लागेल.

इथं तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मला भांडायचंय. बिल्डरच्या मुलाबद्दल तुम्ही लिहिलंय, "त्याला गरिबी काय कळणार?" ताई, त्याचा जन्म ही त्याची चूक नाही, जसा तुमचा जन्म ही तुमची चूक नाही. त्यानं काम काय केलं ते विचारा. आणि तोच प्रश्न स्वतःलाही विचारा. हमालाची मुलगी नगरसेविका झाली, पण त्या मुदतीत मार्केट यार्डातल्या हमालांसाठी काय झालं? पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही. झालं असेल तर तेच तुमचं भांडवल आहे. झालं नसेल तर आधी तिकडं वळा. गरीब घरातून आलेला माणूस आपोआप गरिबांचा प्रतिनिधी होतो, हा समज मला धोक्याचा वाटतो. आबांची गरिबी लोकांना आवडायची हे खरं, पण त्यांचं नाव गावागावांत पोचलं ते २००० साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानामुळं. लोकांच्या हातात खराटा आला आणि आपलं गाव आपण झाडायचं ही भावना आली, म्हणून आबा लक्षात राहिले.

जातीबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही आणि मीही विचारत नाही. पण आपल्याकडं कष्टकरी घर आणि जात या दोन गोष्टी सहसा सुट्या नसतात. 'वजन दिसत नाही' असं म्हणणाऱ्यांपैकी काहींच्या मनात वेगळंच असतं. ते ओळखून असा, आणि त्याला दागिन्यांनी उत्तर देता येत नाही हेही लक्षात ठेवा.

गाडी आणि दागिन्यांबद्दल थोडक्यात सांगते. निवडणुकीच्या शपथपत्रात मालमत्ता आणि देणी दोन्ही लिहावी लागतात. उसनं घेतलेलं वजन तिथं कर्जाच्या रकान्यात उघडं पडतं. स्वच्छ साडी, वेळेवर येणं आणि विषयाची तयारी, एवढं तुमच्याकडं आधीच आहे.

राहत्या घरावर कर्ज काढू नका. हे मी अगदी ठासून सांगते. विधानसभेला उमेदवाराची कायदेशीर खर्चमर्यादा ४० लाख रुपये आहे, आणि प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. त्या शर्यतीत लेथवर काम करणाऱ्या माणसाचं घर लावलं तर ते पहिल्या फेरीतच संपेल. मग कर्ज फेडायला कुणाच्या तरी दारात जावं लागेल, आणि ज्याच्या दारात जाल त्याचं ऐकावं लागेल. स्वतःच्या मताला किंमत हवी असेल तर पैसा अनेकांकडून आणि थोडा थोडा यायला हवा. राजू शेट्टींनी २००९ मध्ये हातकणंगल्यात 'एक व्होट, एक नोट' म्हणत लोकांकडूनच निवडणुकीचा खर्च उभा केला आणि खासदार झाले. २०१४ लाही निवडून आले, २०१९ आणि २०२४ मध्ये हरले. म्हणजे ही काही जादू नाही. पण ऊसदराच्या आंदोलनात वर्षानुवर्षं रस्त्यावर असल्यामुळं लोकांनी मताबरोबर नोटही दिली. आणि थोडे थोडे पैसे गोळा करून त्यांचा चोख हिशेब ठेवणं, हे तर तुमचं रोजचं काम आहे! वेगळं बँक खातं, पावती पुस्तक आणि दर महिन्याला जमाखर्च कार्यालयाच्या फळ्यावर. शहरातल्या फार थोड्या पुढाऱ्यांना हे करता येईल. तुम्हाला येईल.

तुमच्या यजमानांना ब्राझीलच्या लुलांची हकीकत सांगा, त्यांना आवडेल. हा माणूस लेथवर काम करायचा. मशिनमध्ये डाव्या हाताची करंगळी गेली. कामगार संघटनेत पुढं आला आणि १९८० मध्ये साथीदारांबरोबर पक्ष काढला. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुका १९८९, १९९४ आणि १९९८ अशा लागोपाठ तीन वेळा हरला, २००२ मध्ये जिंकला. त्या वेळी उपाध्यक्षपदासाठी बरोबर घेतला तो एक कापड उद्योजक. तीन पराभव पचवता आले कारण मागं संघटना होती आणि पक्ष होता. आणि आपल्या वर्गाबाहेरची माणसं जोडल्याशिवाय भागत नाही, हेही त्याला चौथ्या वेळेपर्यंत उमगलं होतं. म्हणून म्हणते, बिल्डरच्या मुलाशी दुश्मनी धरू नका. उद्या तुम्ही अध्यक्ष झालात तर खजिनदार तोच असू शकतो, फक्त हिशेब फळ्यावर लागायला हवा.

महिला आघाडीचं पद घ्यावं का? माझं मत, घेऊ नये. आघाडीचं काम हलकं आहे म्हणून नव्हे. तिथं जीव तोडून काम करणाऱ्या बायका मी पाहिल्यात. पण स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना असताना बूथ, उमेदवारी आणि पैसा यांचे निर्णय जिथं होतात त्या खोलीबाहेर तुम्हाला बसवायची ती सोय आहे. शहराध्यक्षपद नाही दिलं तर सरचिटणीसपद मागा, आणि बूथ बांधणीची जबाबदारी लेखी मागा. ते कंटाळवाणं काम कुणाला नको असतं, त्यामुळं मिळण्याची शक्यताही जास्त. आणि दोन वर्षांनी उमेदवार ठरतील तेव्हा कुठल्या बूथवर कोण आहे हे ज्याला माहीत, त्याला विचारल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

तुमच्यासारखी अनेक पत्रं येतात. रिक्षा संघटनेतला कार्यकर्ता असतो, गावोगाव आरोग्याचं काम करणारी आशा सेविका असते, इचलकरंजीत यंत्रमागावर काम करून पंचायत समितीला उभा राहू पाहणारा तरुण असतो. त्यांनाही हेच सांगेन, की रोजगार पूर्ण सोडू नका. पद असताना ठीक चालतं, पद गेल्यावर घर चालवायला हाताला काम लागतं, आणि ते नसलेल्या माणसाला कुणीही विकत घेऊ शकतं. ताई, तुम्ही पतसंस्थेशी आत्ताच बोला. लाइन सगळी सोडण्याऐवजी निम्मी दुसऱ्या विश्वासू एजंटाकडं संस्थेच्या परवानगीनं सोपवता येते का ते बघा. घरी बसून सहा महिन्यांचा खर्च कसा निघेल ते मांडा. एकट्यानं लढू नका; आपल्याच परिस्थितीतले चार-पाच जण वेगवेगळ्या वॉर्डांतून एकत्र आले तर बैठकीत एकमेकांच्या बाजूनं बोलता येतं. आणि बोलीची लाज बाळगू नका. गल्लीत बोलता तसंच बैठकीत बोला, फक्त आकडे आणि तारखा पक्क्या ठेवा. मराठीत किंवा हिंदीत एखादा शब्द घसरला तर हसणारे हसतील; आकडा चुकला तर मात्र विश्वास जातो.

तुम्हाला नाही म्हणाले तर का नाही, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. 'पुढच्या वेळी बघू' हे उत्तर घेऊन उठू नका. पुढच्या वेळेपर्यंत काय केलं म्हणजे चालेल, ते नेत्याच्या तोंडून वदवून घ्या आणि बैठकीच्या इतिवृत्तात लिहायला लावा. हो म्हणाले तर पहिल्या महिन्यात दोन कामं करा. घरेलू कामगारांच्या नोंदणीसाठी कार्यालयात आठवड्यातला एक वार ठरवा, आणि मार्केट यार्डात जाऊन हमालांची बैठक घ्या. वडिलांच्या बरोबरीचे काहीजण अजून तिथं असतील. त्यांचं ऐकून घ्या, आश्वासन लगेच देऊ नका.

बैठकीची तारीख ठरली की कळवा. ती दोन पानं पाठवायची असतील तर आधी माझ्याकडं पाठवा, मी वाचून देईन.